वायर काढल्यावरही मिक्सर क्र. ३ उत्तर देत असल्याबाबत

प्रति,
मा. कारखाना व्यवस्थापक,
रंग विभाग.

विषय : मिक्सर क्र. ३ मध्ये आज कोणासही उतरू न देणेबाबत.
संदर्भ : सफाईच्या वेळी मुख्य स्विच बंद न करण्याबाबतचे आपले परिपत्रक.

महोदय,

अर्जदार या कारखान्यात एकोणतीस वर्षे मिक्सरची पाती चालवणारे कंट्रोलर आणि त्यांना हुकूम देणारा ऑफिसातील कॉम्प्युटर यांच्यातील जोडणी तपासण्याचे काम करीत आहे. मुख्य स्विच बंद केला की शेजारचा मिक्सरही थांबतो, म्हणून आपल्या परिपत्रकानुसार सफाईआधी फक्त कंट्रोलरची नेटवर्क वायर काढली जाते, म्हणजे ऑफिसातला हुकूम पात्यांपर्यंत पोचत नाही. मग मी कॉम्प्युटरवरून त्याला हाक देतो. उत्तर आले नाही की आत उतरण्याच्या परवान्यावर सही करतो, आणि माणूस पात्यांमध्ये उतरतो.

आज सकाळी सव्वानऊला वायर काढून हाक दिली. उत्तर आले. वायरचे टोक माझ्या हातात होते. चार हाका, चार उत्तरे.

सुपरवायझरना कळवले असता ते म्हणाले, "आबा, मागे तुमचा कंट्रोलर थंडीत शिंकायचा, आता उत्तरं देतोय. पुढच्या महिन्यात चहा मागेल." शिंकेची हकीकत मी या अर्जाद्वारे मागे घेतो. वायरची टोके दातात धरून कॉम्प्युटरचे बोलणे ऐकल्याची हकीकतही मागे घेतो. वरील चार उत्तरे मात्र मागे घेता येत नाहीत.

कारण शोधता असे दिसले, की दोन वर्षांपूर्वी क्र. ३ चा आधीचा कंट्रोलर जळाला तेव्हा नव्याला मी जुन्याचाच नेटवर्क क्रमांक, म्हणजे कॉम्प्युटर ज्याने हाक देतो तो, दिला. तशी आमची पद्धतच आहे. पुढे जुना दुरुस्त होऊन आला आणि याच रांगेतल्या कुठल्यातरी पेटीत बसला. त्याचा क्रमांक बदलायचे काम माझे होते. ते राहिले. आता एक गप्प केला की दुसरा बोलतो. पेट्यांवरच्या चिठ्ठ्या रंगाने भरल्या आहेत, वायरी छतातून जातात. या दोघांपैकी पाती कोणाच्या हुकमात आहेत हे मला माहीत नाही. कारखान्यात कोणालाच माहीत नाही.

उतरणारा सफाई कामगार माझा जावई आहे. मी हे सांगत असताना त्याचा एक पाय आत होता. तो म्हणाला, "सासरेबुवा, करा ना सही. दुपारपर्यंत मला बाहेर यायचंय." सुपरवायझर म्हणाले, "जावयाला सुट्टी हवी तर सरळ मागा. नाहीतर दुसरा माणूस उतरवतो." मी दंड धरून जावयाला बाहेर ओढले आणि मुख्य फ्यूज काढून खिशात घातला. त्यामुळे दोन्ही मिक्सर आणि आपल्या केबिनमधील पंखा बंद आहेत.

आता जे लिहितो ते मी आज सकाळपर्यंत घरातही सांगितलेले नव्हते. मागच्या सफाईलाही असेच उत्तर आले होते. कॉम्प्युटर सवयीने बोलत असेल असे समजून मी सही केली. जावई दोन तास आत होता. बाहेर आल्यावर हसत म्हणाला, "पाती चार बोटं हलली. तुमचीच मस्करी ना?"

मी हो म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.

तरी, प्रत्येक पेटीची वायर एकेक करून तपासली जाईपर्यंत परिपत्रक मागे घ्यावे. झालेल्या नुकसानीबद्दल मला कामावरून काढले तरी तक्रार नाही. फक्त जावयाला आपण स्वतः बोलावून सांगावे, की ती मस्करी नव्हती. मी आज दोनदा सांगितले. तो अजून हसतोच आहे, आणि मिक्सरपाशीच उभा आहे.

आपला नम्र आणि घाबरलेला,
(सही)
जोडणी तपासनीस
दि. १४, सकाळी १०.४०

सोबत : सही न केलेला परवाना.