बाबांची पन्हळ, तुमचा उतार

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायची सोय नाही. मी सलूनच्या मागच्या खोलीत धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगावर बसून लिहिते आहे आणि इथे आडवं व्हायला जागा नाही. पण मनाने पुरता घातला आहे, असं समजावं.)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी तुम्हाला शिडी चढायला बंदी घातल्याचं आईकडून कळलं. मामी बाजारात गेल्या की तुम्ही चढता, हेही आईकडूनच कळलं. प्लंबरला गुडघ्याशिवाय दुसरं भांडवल नसतं, तेव्हा जपा. इकडे आम्ही ठणठणीत. आई मजेत आहे. बाबाही मजेत आहेत, पण ते तुम्हाला कळवायला त्यांनी सांगितलेलं नाही. मावशीच्या नव्या घरच्या जेवणापासून तुम्ही आणि ते बोलत नाही, तो विषय या पत्रात अजिबात काढायचा नाही असं ठरवूनच मी पेन उचललं आहे. निव्वळ खुशाली कळवावी, एवढाच हेतू.

तर खुशाली अशी, की बाबांनी एक शोध लावला आहे.

हसून झालं असेल तर पुढे लिहिते. केस कापताना अंगावर कितीही मोठं कापड घेतलं तरी बारीक केस मानेवरून सदऱ्यात उतरतातच, आणि मग माणूस दिवसभर पाठ भिंतीला घासत हिंडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. (खरंच नको. पुढे जाते.) बाबांनी सायकलच्या जुन्या ट्यूबपासून गळ्याभोवती बसणारी एक पन्हळ केली आहे. घरांच्या छपराला असते तशीच, पण मऊ. ती मानेला चिकटून बसते, वरून पडणारे केस झेलते, आणि एका बाजूला उतरती असल्यामुळे चिमूटभर पावडर टाकली की केस घरंगळत डाव्या खांद्यामागच्या पिशवीत जाऊन पडतात. शिवण आईची. डोकं बाबांचं. निदान तेव्हा तरी आम्ही सगळे असंच म्हणत होतो.

तुम्हाला ठाऊक आहेच, की कायद्याची पदवी मिळाल्यावर मी एका पेटंट एजंटबाईंच्या ऑफिसात मदतनीस म्हणून लागले. आपल्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे मला जे जे कळतं ते सगळ्यांना सांगणं माझं कर्तव्य आहे असं मी मानते. (घरच्यांचं मत निराळं आहे. मी जेवताना बोलायला लागले की बाबा रेडिओचा आवाज वाढवतात.) पण पन्हळ पाहिली आणि मला राहवलं नाही. मी बाबांना म्हटलं, याचं पेटंट घ्यायला हवं. ज्याने शोध लावला त्याचं नाव सरकारी कागदावर यायलाच हवं, तो त्याचा हक्क आहे.

मामा, बाबांचं नाव आजवर कुठेही छापून आलेलं नाही. दुकानाच्या पाटीवर नुसतं ‘केशकर्तनालय’ आहे. पाटी रंगवणाऱ्याने नाव विचारलं तेव्हा बाबा कुणाच्या तरी गळ्यावर वस्तरा फिरवत होते, म्हणून बोलले नाहीत. त्याने जागा मोकळी सोडली, ती अजून मोकळीच आहे. गिऱ्हाइकं त्यांना ‘अहो’ म्हणतात, आईही ‘अहो’ म्हणते. त्यामुळे बाहेरून कुणी हाक मारली, तर ती दुकानातून आहे की घरातून, हे ओळखायला त्यांना वळून बघावं लागतं. मी त्यांना सांगितलं, अर्जात एक रकाना असतो, शोधकर्ता. तिथे फक्त तुमचं नाव. बाबांनी कात्री खाली ठेवली आणि विचारलं, “फक्त माझं?” अर्धं डोकं कापून झालेलं गिऱ्हाईक समोर बसलं होतं, तेही म्हणालं, “वा!” आणि बराच वेळ तसंच बसून राहिलं.

इथवर सगळं छान होतं. मग मी माझं ज्ञान वापरलं.

मी सांगितलं, की अर्ज दाखल होण्याआधी शोध जगजाहीर झाला तर तो नवा राहत नाही, आणि नवा नसेल तर पेटंट नाही. तोवर तोंडाला कुलूप. आता सलून म्हणजे काही तिजोरी नव्हे. आमच्या खुर्चीत बसून लोक जे बोलतात, ते घरी बोलले असते तर घरं मोडली असती. पण बाबांनी माझा शब्द देवाचा मानला. पन्हळ मानेवर घालून पाहिल्याशिवाय ती सुधारणार कशी, म्हणून मी गोपनीयतेचा करार लिहून दिला. दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यावर सही करायची. आणि रस्त्यावरून किंवा आरशातून कुणाला पन्हळ दिसू नये म्हणून बाबांनी स्वतःच्या डोक्याने दोन उपाय केले. दाराला जाड पडदा लावला, आणि आरसे झाकले.

होय, सलूनमधले आरसे. आईच्या जुन्या चादरी खिळे ठोकून लावल्या. मी म्हटलं, बाबा, करार केलेल्या माणसाने पाहिलं तर चालतं. ते म्हणाले, तू वकिली बघ, दुकान मी बघतो. त्यानंतर माणूस आत यायचा, कायदेशीर कागदावर सही करायचा, चादरीकडे तोंड करून बसायचा, मानेला काहीतरी रबरी लागायचं, आणि उठताना विचारायचा, “अहो, झालंय कसं?” बाबा म्हणायचे, “उत्तम.” पण कापणाऱ्याचं मत कोण मानतो? मग तो बाकावरच्या लोकांना विचारायचा. त्यामुळे आमच्या दुकानात कधी नव्हे इतकं खरं बोललं जाऊ लागलं. बस चालवणाऱ्या काकांना शेजारी बसलेला शिंपी म्हणाला, “मागून तरुण दिसतोस. तू मागे बघतच गाडी चालव.” रोज नुसत्या गप्पा मारायला येणारे टकले मास्तर सही करायला तयार होईनात. म्हणाले, “माझ्या डोक्यावर आहे काय, ज्याची गोपनीयता पाळू?” त्यांना बाहेरच्या पायरीवर बसवलं, तर त्यांनी पायरीवरून सगळ्या गल्लीला खबर दिली, की याची नजर गेली आहे आणि बिघडलेलं काम कुणाला दिसू नये म्हणून याने आरसे झाकलेत. दोन दिवसांत आई भाजी घ्यायला गेली, तर भाजीवाली तिला डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता द्यायला लागली.

गिऱ्हाइकं मात्र कमी होण्याऐवजी वाढली. काय चाललंय ते बघायला माणसं गरज नसताना केस कापून घेऊ लागली. वर सगळ्यांना माझ्याकडून फुकटचा सल्ला हवा. नुसती कल्पना सुचली तर पेटंट मिळतं का? (नाही. ती चालते कशी, हे दाखवावं लागतं.) कारखान्यात कामावर असताना शोध लावला तर तो माझा की मालकाचा? (शोधकर्ता म्हणून नाव तुमचं. हक्क कुणाचा, ते नोकरीच्या करारात काय लिहिलंय त्यावर.) हे ऐकून बाबा गंभीर झाले. म्हणाले, “मी तर कामावर असतानाच शोधलं. मालकाला विचारावं लागेल?” मी म्हटलं, मालक तुम्हीच. ते म्हणाले, “हां, मग तो नाही म्हणणार नाही.” पंखे दुरुस्त करणाऱ्या एकाने विचारलं, की पेटंट मिळालं म्हणजे सरकार आपलं गुपित जपून ठेवतं ना? मी उत्साहाने सांगितलं, छे, उलट! आपला शोध कसा करायचा ते सगळं उघड लिहून द्यायचं, सरकार ते छापून टाकतं, कुणीही वाचावं. बदल्यात काही वर्षं आपल्या परवानगीशिवाय दुसऱ्याने तो करायचा नाही.

बाबांचा हात थांबला. “छापतात?”

“हो.”

“सगळं? चित्रासकट?”

“हो.”

“मग मी माझ्या बायकोच्या चादरींना भोकं कशाला पाडली?”

मी तोंड उघडायच्या आत आईने मागच्या स्वयंपाकघरातूनच उत्तर दिलं. म्हणाली, “लग्न ठरेपर्यंत गप्प बसायचं आणि ठरलं की पत्रिका वाटायच्या, तसंच असेल.” बाबांना ते लगेच पटलं. माझ्या इतक्या वर्षांच्या शिक्षणाने जे समजावलं नसतं ते आईने कांदा चिरता चिरता समजावलं. मला थोडं लागलं, पण आनंदही झाला. (आनंद जास्त.)

मग आम्ही एजंटबाईंकडे गेलो. बाबा इस्त्रीचा सदरा घालून, आई पन्हळ पिशवीत घालून, आणि मी दोघांच्या मध्ये, म्हणजे कुणी आधीच काही बोलून जाऊ नये. बाईंनी पन्हळ स्वतःच्या गळ्याला लावून पाहिली आणि त्या खूश झाल्या. मग त्यांनी शोधाशोध केली. निघालं असं, की गळ्याभोवती बशीसारखी कॉलर कुणीतरी दूरच्या देशात फार पूर्वी करून ठेवली आहे. बाबा म्हणाले, “माझ्या आधी? त्याला कुणी सांगितलं?” बाई म्हणाल्या, घाबरू नका, त्या कॉलरीत केस साचून राहतात आणि काढताना सगळे पाठीवर पडतात. तुमच्यात उतार आहे आणि पिशवी आहे. नवं ते तेवढंच, आणि पेटंट मिळालं तर त्या उतारावरच मिळेल. उतार कसा सुचला?



मी बाबांकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. बाबांनी सदऱ्याचं बटण पाहिलं. आणि मला एकदम मावशीचं नवं घर आठवलं. (तो विषय काढणार नव्हते, हे मला मान्य आहे. पण आता तो कायद्याचा प्रश्न झाला आहे.) सकाळी बाबांनी तुमचे केस कापले होते आणि तुम्ही जेवताना मिनिटामिनिटाला पाठ खाजवत होता. मग सगळ्या नातेवाइकांसमोर तुम्ही मोठ्याने म्हणालात, “दाजी, पुढच्या खेपेला माझ्या गळ्याला पन्हळच बसवा! आणि उतार एका अंगाला द्या, खाली पिशवी बांधा, नाहीतर तुंबेल!” सगळे हसले. मावशीच्या सासूबाईंना ठसका लागला. बाबा भात तसाच ठेवून उठले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब आणली, तुमची बोलती बंद करायला.

मी हे सगळं बाईंना सांगितलं. आई माझा पाय दाबत होती, पण मी सांगितलं. खरं लपवून मिळवलेलं पेटंट म्हणजे उसना सदरा, कुणीही येऊन उतरवून न्यावा! (हे वाक्य मी तिथेच बोलले. बाईंना आवडलं, बाबांना नाही.) बाबा उसळले. “त्याने शोध नाही लावला, त्याने माझी चेष्टा केली!” बाई शांतपणे म्हणाल्या, “नुसती तक्रार करणारा शोधकर्ता होत नाही. ‘खाज सुटते’ एवढंच म्हणाले असते तर प्रश्न नव्हता. पण उपाय त्यांनी सांगितला. कोणत्या सुरात सांगितला, ते कायदा विचारत नाही.” भर पंगतीत बोलल्यामुळे तो जगजाहीर झाला का, हेही मी विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, तेवढ्यावरून कुणाला पन्हळ करता आली असती का? नाही. मग ती थट्टाच.

म्हणजे शोधकर्ते दोन. पन्हळ, ट्यूब, मानेवरची बैठक आणि असंख्य वेळा फाडून पुन्हा करणं बाबांचं. उतार आणि पिशवी तुमची. बाबांनी विचारलं, “अर्धं अर्धं?” बाई म्हणाल्या, शोधकर्त्यांची नावं तराजूत घालत नाहीत, दोन्ही पूर्ण येतात. मग दोघांनी मिळून हक्क ठेवलात, तर दुसऱ्या कुणाला पन्हळ करायची परवानगी देताना एकाने दुसऱ्याला विचारावं लागेल.

“मला द्यायची असेल तर त्याला विचारायचं?”

“हो.”

“आणि त्याला द्यायची असेल तर?”

“तुम्हाला.”

बाबांनी पन्हळ उचलून पुन्हा पिशवीत घातली. मग म्हणाले, “म्हणजे बोलावं लागणार.”

आई बाहेर पडल्यावर म्हणाली, कायदा बरा दिसतो गं, मी इतके दिवस डोकं फोडत होते तेच त्याने एका वाक्यात सांगितलं.  घराच्या कोपऱ्यावर थांबून बाबांनी मला फक्त एवढंच विचारलं, की दोन नावं असली की छापताना अक्षरं बारीक करतात का. मी म्हटलं, नाही, तेवढीच मोठी असतात. मग त्यांनी दुकान उघडलं आणि आधी चादरी काढल्या. बसवाल्या काकांनी आरशात स्वतःला पाहिलं आणि म्हणाले, “अरे, शिंपी खोटं बोलत नव्हता!”

तर अशी सगळी खुशाली. मामींना नमस्कार, चिमुरड्यांना पापे. तुमचा लोभ माझ्यावर आहेच, त्यातला थोडा दुकानाच्या दिशेनेही वळवावा.

तुमची भाची

ता. क. पत्राचा हेतू निव्वळ खुशालीचा आहे असं वर लिहिलं, ते पूर्ण खरं नाही. अर्ज तयार आहे, पण तुमच्या सहीशिवाय तो दाखल होत नाही, आणि उद्या दुसऱ्या कुणी आधी केला तर बाबांचं नाव राहून जाईल. तुम्ही लगेच या. तुम्ही स्वतः यायलाच हवं, तसा नियम आहे, असं बाबांनी लिहायला सांगितलं आहे.

ता. क. २ केस न कापता या, असंही सांगितलं आहे. बाबा स्वतः कापणार आहेत, पन्हळ घालून. खाज सुटली तर सांगायला हरकत नाही, पण ती दुकानात सांगावी, पंगतीत नको. आई म्हणते, आमचा धाकटा आणि पंगतीत गप्प? तू तेवढा कायदा बदलून दाखव.

ता. क. ३ मामा, मला खोटं लिहवत नाही. सही पोस्टानेही चालते. एजंटबाईंनी ते स्पष्ट सांगितलं होतं, दोनदा, आणि दोन्ही वेळा बाबा माझ्या शेजारीच बसले होते. घरी आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, “त्याला यावंच लागेल, मी काय करू, कायदाच तसा आहे.” आणि माझ्याकडे बघितलं. मी कायदा शिकले आहे, तरी काही बोलले नाही.