अर्धा राहिलेला उखाणा

ती. आईस,

दोन उशांना टेकून, बसल्या जागी नमस्कार. घाबरू नकोस, मी आता बरी आहे. हॉस्पिटलात खिडकीजवळची खाट मिळालीय. माझा आवाज ऐकून रडशील, म्हणून फोनऐवजी पत्र. बाबांचा गुडघा कसा आहे?

शनिवारी नौपाड्यात सासूबाईंकडे हळदीकुंकू होतं. मी उखाणा सुरू केला आणि प्रीतमचं नाव यायच्या आधीच दम संपला. पुन्हा म्हटला, पुन्हा तिथेच संपला. बायका हसल्या, "लाजतेय बघा!" मीही हसले. माझ्या जाऊबाई एकदम ओरडल्या, "अगं, ही लाजत नाहीये, हिला श्वास पुरत नाहीये! रिक्षा बोलवा!"

आई, मला धापसुद्धा लागली नव्हती गं! अजून खरं वाटत नाही. मायस्थेनिया म्हणजे पापण्या मिटतात, हात दमतात, एवढंच आपण धरून चाललेलो. डॉक्टर म्हणाले, श्वासाचे स्नायूही तसेच दमतात, मग धापा टाकायचंही बळ उरत नाही. बोटावरचं मशीन तर ऑक्सिजन चांगला दाखवत होतं! सर्दीवर मी घरात उरलेली अँटिबायोटिक घेतलेली. त्यातल्या काही या आजारात घात करतात म्हणे. आता विचारल्याशिवाय एकही गोळी नाही.

यापुढे बोलताना माझी वाक्यं तुटायला लागली, की लगेच प्रीतमला कळव. गेल्या आठवड्यात फोनवर मी सारखी मध्येच थांबत होते आणि तू म्हणालीस, "रेंज जातेय तुझी, ठेव आता."

आई, रेंज होती.

तुझीच,
दर्शना