व्याह्यांनी पाहण्याजोगे काही व्हिडिओ

तीर्थपुरी,
अधिक महिना, मंगळवार

बदनापूरनिवासी बिभीषणराव व्याही यांना कारभारीचा हात जोडून रामराम.

आपली तब्येत, आपला गुडघा आणि गुडघ्याला लावायचं ते हिरवं तेल, सगळं ठीक असावं. आमच्याकडे सर्व खुशाल. धोंड्याच्या जेवणाला आपण आमच्या अंगदला एवढं खाऊ घातलंत की परत आल्यावर तो दोन दिवस उताणाच होता. शालूला मात्र आठ दिवस ठेवून घेतलंत, ते बराबर केलंत. पोरीला आई नाही, निदान बापाचा सहवास तरी घडावा. (याविषयी पुढे आणखी लिहिणार आहे.)

पत्रास कारण की, रिटायर झाल्यापासून दुपार सरत नाही असं आपण मागे म्हणाला होतात. त्यावर मला उपाय सापडला आहे. मोबाइलवर वस्तू बनवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे व्हिडिओ पाहावेत. एक परदेशी गृहस्थ आहे, त्याचे नुसते हातमोजे दिसतात. भंगारातून कधी कंदील, कधी शेगडी आणतो आणि अकरा मिनिटांत नवी करून ठेवतो. बोलत अजिबात नाही. (घरात असाच माणूस असावा, असं आमच्या दुर्गाबाईंचं मत पडलं.) एक घड्याळं दुरुस्त करणारी बाई आहे. ती तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरते तेव्हा मी इकडे श्वास धरतो, आणि परवा त्यापायी चहा निवून गेला. पण सगळ्यात आवडता म्हणाल तर लाकडाचा घाट करून त्यावरून गोटी सोडणारा म्हातारा. गोटी सतरा वळणं घेते आणि शेवटी एक घंटी वाजवते. याचा उपयोग काय, असं अंगदने विचारलं. उपयोग काही नाही. मी तो चौदा वेळा पाहिला आहे.

मात्र एक पथ्य पाळावं. व्हिडिओ पाहून लगेच उठू नये. आमच्या गावातल्या एका गृहस्थांचं (नाव सांगत नाही, माणूस प्रतिष्ठित आहे) काय झालं ते ऐका. सुनेची पायडलची शिलाई मशीन जड चालते, अशी तिची तक्रार होती. मशीन तिच्या वारलेल्या आईची, त्यामुळे ती कुणाला हात लावू देत नाही. सून माहेरी गेली आणि यांनी पाना काढला. हेतू वाईट नव्हता. ती परत आल्यावर मशीन हलकी चालावी आणि तिने एकदा तरी ‘मामा, भारी काम केलं’ म्हणावं, एवढीच इच्छा. गृहस्थ तसे डोकेबाज. खोलताना सगळं मोबाइलवर घ्यायचं आणि जोडताना तेच उलटं चालवून पाहायचं, ही युक्ती त्यांची स्वतःची. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला. तांब्या सरकला. आता त्यांच्याजवळ पावणेदोन तासांचा व्हिडिओ आहे. त्यात घराचे पत्रे दिसतात, एक पाल दोनदा येऊन जाते आणि मागून आवाज येतो, ‘हा इथला... हा तिथला... हा कुठला?’ मशीन सध्या चार ताटांत आणि एका परातीत आहे. घरची माणसं पत्रावळीवर जेवतात.

असो. तरी शालूला आणखी आठ दिवस ठेवून घ्यावं. ऊन फार आहे.

आपला,
कारभारी

ता. क. – पत्र वाचून दुर्गाबाई म्हणाल्या, “गावातले गृहस्थ म्हनं! त्यायला काय कळत न्हाई का? सरळ लिहा.” तेव्हा सरळ लिहितो. ते गृहस्थ मी. फोनच केला असता, पण आपल्याकडे फोन शालू उचलते आणि स्पीकरवर टाकते. आपण तीस वर्षं पंपांची देखभाल केलीत. आपल्या हातून एक स्क्रू कधी इकडचा तिकडे झाला नाही अशी ख्याती आहे. तिला कळू न देता एक दिवस येऊन मशीन जोडून द्यावी. सुनेची भीती वाटते असं नाही. तिच्याजवळ आईची म्हणून एवढीच वस्तू होती आणि ती मी परातीत मांडली, याचं फार वाईट वाटतं. जेवण जात नाही.

आणखी ता. क. (गुरुवार) – पत्र टाकायचं राहिलं आणि शालू आज सकाळच्या गाडीने आलीच. परात पाहिली. पदर खोचून खाली बसली आणि दिवस मावळायच्या आत मशीन उभी केली. मी फक्त ताटं पुढे सरकवली. मशीन चालते. पूर्वीइतकीच जड चालते. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, “मामा, ती जडच चालनार. आमच्या बाबानं बी एकदा खोलल्ती, मी दुसरीत व्हते तवा. चाकातले दोन छर्रे उरले, ते त्यायनं सुपारीच्या डब्यात टाकले. अजून तिथंच हायेत.” म्हणजे तिची आई, आपल्या साखराबाई वहिनी, शेवटपर्यंत जड पायडल मारत राहिल्या. शालूने आईला कधी सांगितलं नाही. माझंही कुणाला सांगणार नाही म्हणाली.

तरी व्याहीबुवा, आपण यावंच. ताटं मोकळी झाली आहेत. येताना डबा आणावा, त्यात सुपारी नसली तरी चालेल.