देवी वन्संकडे, गोळ्या माझ्याकडे

डिलाईल रोड, मुंबई
ता. ५ ऑक्टोबर १९५८

ती. रमाबाई वन्संना शांताचा जयभीम. तुम्हाला नमस्कार बरा वाटत असेल तर नमस्कार समजा, मला दोन्हीत अडचण नाही.

तुमचं कार्ड मिळालं. रामदासभावजींचा खोकला कमी आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत. मालनला शाळेत कविता म्हणायला उभी केली होती. मधेच विसरली, आणि पुढचं स्वतःच्या मनाने जोडून म्हणून मोकळी झाली. तिची आत्या कोण हे बाईंना सांगावं लागलं नाही.

तुम्ही विचारलंत, आनंदा गिरणीत जात नाही असं कानावर आलं ते खरं का. कोणी सांगितलं असेल ते मी ओळखलं. गणपतीला गावी गेलेल्या माणसांना काहीतरी बातमी न्यावीच लागते, रिकाम्या हाताने कसं जाणार?

हे घरी आहेत, पण काळजीसारखं काही नाही. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. गिरणीची पाळी आणि वर संयुक्त महाराष्ट्र समितीची कामं, भिंतींवर घोषणा रंगवायच्या, सभेची पत्रकं वाटायची, माणूस थकणारच. गिरगावात एक चांगले डॉक्टर आहेत, भिवाने त्यांचं नाव सांगितलं. भिवा म्हणजे यांच्याच खात्यातला, आमच्या शेजारच्या खोलीत राहतो. त्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. नव्या निघालेल्या आहेत, परदेशातून येतात. आता झोप लागते. बोलणंही कमी झालं आहे, त्यामुळे घरात शांतता असते.

मान तेवढी कधी कधी अवघडते. उशीचं काहीतरी असेल. आणि हल्ली जिन्यापासून नळापर्यंत येरझारा घालत असतात. बसा म्हटलं की बसतात आणि लगेच उठतात. चाळीतली पोरं हसतात. मी म्हणते, चालू दे, तेवढाच व्यायाम.

एक विचारायचं होतं. लहानपणी यांना कधी फेफरं आलं होतं का? सहज विचारते. तुम्ही त्यांना कडेवर घेऊन वाढवलंत, तुम्हालाच ठाऊक असणार.

तुम्ही यायची घाई करू नका. खोली लहान, आणि भावजींना खोकल्यात टाकून येणं बरं दिसणार नाही. आणि कृपा करून गुरवाकडे जाऊन कौल लावू नका.

तुमची,
शांता



डिलाईल रोड, मुंबई
ता. २४ ऑक्टोबर १९५८

वन्सं,

मागच्या पत्रातलं अर्धं खोटं होतं. उरलेलं अर्धं मलाच कळलेलं नव्हतं.

तुमचा भाऊ बरा आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही छाती धरून बसायला नको. आत्ता या घडीला ते कॉटवर बसून चहात पाव बुडवतायत. हात थरथरतो, चहा बशीत सांडतो, पण खातायत.

विश्रांती वगैरे काही नव्हतं. गिरगावातले ते डॉक्टर डोक्याचे आहेत. उन्हाळ्यापासून हे म्हणायला लागले की भिंतीतून कोणीतरी आपलं ऐकतंय. सुरुवातीला कोणालाच त्यात वेड दिसलं नाही. समितीच्या माणसांमागे साध्या वेषातले पोलीस फिरतात हे सगळ्यांना माहीत होतं. भिवासुद्धा दार लावून बोलायचा. अख्खी चाळच कुजबुजत होती, त्यात यांची कुजबुज वेगळी आहे हे कसं ओळखायचं? मग हे भिंतीला उत्तरं द्यायला लागले. मग मालनला शाळेत जाऊ देईनात, वाटेत तिला उचलतील म्हणाले. तेव्हा माझे डोळे उघडले.

तुम्हाला का कळवलं नाही ते तुम्ही ओळखलं असेल. दीक्षा घेतल्यावर घरातले देवीचे चांदीचे टाक मी फडक्यात बांधून तुमच्याकडे पाठवले. तेव्हा तुम्ही निरोप धाडलात, काळकाई आपल्या लेकराला अशी सोडत नाही, बघशील. बघायची वेळ आली आणि मला उठता बसता तुमचं तोंड दिसायला लागलं. रागावू नका, पण खरंच दिसायचं. म्हटलं, या बाईला मी म्हणायची संधी देणार नाही, की बघ, सांगितलं होतं ना.

गोळ्यांनी आधी गुण आला. भिंत गप्प झाली. मला चाळभर साखर वाटावीशी वाटली. पण पुढे यांना एका जागी बसवेना. "शांते, पाय आतून ओढतात गं. गोळी नको." मला वाटलं, आजार उलटतोय. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, फारच बेचैन झाले तर संध्याकाळी आणखी अर्धी द्या. मी अख्खी द्यायला लागले.

कशी दिली म्हणून विचारू नका. आम्ही भगत सोडला, अंगारा सोडला, उतारे सोडले, आणि त्या जागी शास्त्र धरलं. माझ्या लेखी ती गोळी म्हणजे शास्त्र. ती कशी वाईट करेल? हे सारखे सांगत होते, मान ओढते, जीभ जड होते, गोळीनंच होतंय. आणि मी मनात म्हणत होते, भिंतीशी बोलणाऱ्या माणसाचं काय ऐकायचं.

नवरात्रातला रविवार होता. जेवण झालं, मी ताटं घासायला घेतली, आणि मालन ओरडली. येऊन बघते तर यांची मान एका खांद्याकडे पिळून गेलेली. बुबुळं वर, नुसतं पांढरं दिसतंय. जीभ बाहेर आलेली, दात घट्ट. कोणी पिळा घालून धरून ठेवावं तसे बसले होते. बोलायचा प्रयत्न करत होते आणि घशातून नुसता घरघर आवाज.

शेजारपाजार जमला. टोकाच्या खोलीतली गंगुबाई, तिच्याकडे घट बसलेला, ती हळदकुंकवाचं ताट घेऊनच आली. "बाजूला हो, शांते. आई आलीय अंगात. इचार तिला, काय चुकलं म्हणून." असं म्हणून तिने यांच्यापुढे नारळ ठेवला आणि हात जोडले. मागच्या बायकाही हात जोडून उभ्या. एकजण म्हणाली, देव घराबाहेर काढला ना यांनी, आता भोगा.

वन्सं, त्या वेळी माझ्या अंगात मात्र खरंच कोणीतरी आलं. मी ओरडले, "या घरात देव येत नाय! निघा सगळ्या!" गंगुबाईला दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मग यांच्याकडे वळले आणि म्हणाले, "बास झाली नाटकं. चाळीसमोर माझी शोभा करताय?" नवरा डोळ्यांदेखत पिळला जात होता आणि मला चिंता कसली, तर चाळीपुढे आम्ही खोटे पडतोय याची. देवी नाही हे मला दाखवून द्यायचं होतं. मग दुसरं काय असू शकतं, हे बघायला मी थांबलेच नाही.

आणि मी गोळी आणली. दात उघडेनात, म्हणून ओठ ओढून आत सारायला लागले. यांनी सगळा जोर काढून माझा हात झटकला, बाटली उडवली. डोळे वरच होते, आणि त्या वर गेलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अंगात आलेलं माणूस असं रडत नाही, वन्सं. नाटक करणाराही रडत नाही. मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी दार उघडून भिवाला हाक मारली.

भिवाने आणि गंगुबाईच्या नवऱ्याने उचलून यांना टॅक्सीत घातलं. बाटली भिवाने खिशात टाकली, मला सुचलंही नव्हतं. इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने यांची मान बघितली, जीभ बघितली आणि पहिलं विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" भिवाने बाटली दिली. तिने त्यावरचं नाव वाचलं आणि म्हणाली, "बाई, हे या गोळ्यांनी झालंय. काही जणांना होतं. घाबरू नका, पण आणलंत ते बरं केलंत, गळा आवळला असता तर कठीण होतं." मी म्हटलं, "मी जास्त दिली." ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

दंडात इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मान सैल पडली, डोळे खाली आले, आणि यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "सांगत होतो ना." एवढंच. शिवी दिली असती तर मी झेलली असती.

गंगुबाई पाठोपाठ ट्रामने आली होती, नारळ पदराखाली. मी तिला दाराबाहेर काढली होती तरी आली. यांची मान सरळ झालेली बघून तिने तिथल्या तिथे नारळ कपाळाला लावला. तिच्या मते तिच्या नवसानेच झालं. मी तिचा हात धरून बसले.

आता खरा घोळ सांगते. मला वाटलं, गोळ्या गटारात फेकल्या की सुटलो. डॉक्टरीण म्हणाली, तसं करू नका, एकदम बंद केलं तर जुना आजार परत उसळेल. आता गोळी थोडी करून दिली आहे, आणि मान ओढू नये म्हणून जोडीला दुसरी एक बारीक गोळी. कमीजास्त करायचं ते इस्पितळात विचारूनच. म्हणजे जी गोळी भिंतीला गप्प करते तीच यांचा गळा धरते, आणि ती मीच रोज हातावर ठेवायची. हे गोळीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, मग घेतात. तुमच्या देवीचं एवढं तरी कळायचं, कोपली की नाही कोपली. या शास्त्राचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

म्हणून वन्सं, मागे येऊ नका म्हटलं, ते परत घेते. तुम्ही या. माझी गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात पाळी असते, मालन शाळेत, आणि दिवसा यांच्याजवळ डोळे उघडे ठेवून बसणारं माणूस पाहिजे. भावजींनाही आणा, खोकला इथे दाखवू. टाक आणायचे असतील तर आणा, फळीवर जागा करून देईन. मी हात जोडणार नाही, पण जागा करून देईन.

माझी अट एकच आहे. मान वाकडी झाली, डोळे वर गेले, जीभ जड झाली, तर पुढची गोळी द्यायची नाही आणि बाटली घेऊन तडक इस्पितळात. डॉक्टरीण म्हणाली, अंग लाकडासारखं ताठ होऊन ताप चढला तरी तसंच. डोळे पिवळे दिसले तरी तसंच, तेव्हा कावीळ उतरवणाऱ्याकडे माळ घालायला न्यायचं नाही. नारळ ठेवायचा तर टॅक्सीत ठेवा. आईला वाटेत सगळं सांगता येईल, ती काही चाळीतच बसलेली नसते.

आणि यांचं ऐका. ते अजून मधूनच म्हणतात, भिंत बोलते. ते म्हणतात, पाय ओढतात. ते म्हणतात, मालनला उचलून नेतील. ते म्हणतात, मान आवळते. यातलं कुठलं आजाराचं आणि कुठलं खरं, हे मला अजून ओळखता येत नाही, तुम्हालाही येईल असं नाही. मी सगळंच खोटं धरलं होतं. तुम्ही सगळंच खरं धरा, आणि धावा.

तुमच्या भावाचं उशिरा ऐकलेली,
शांता