सातव्या दिवसाची काकडी

ताई,

कीटकनाशक फवारल्यावर सात दिवसांनी काकडी तोडायला हरकत नाही, असं मीच तुला सांगितलं होतं. प्रयोगशाळेतली बहीण सांगतेय म्हटल्यावर तू डोळे झाकून विश्वास ठेवलास. पण ते सात दिवस उघड्या शेतातले. तिथे ऊन-पावसाने औषध लवकर उतरतं. तुझ्या प्लास्टिकच्या छपराखाली ते जास्त दिवस टिकतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काल तू पाठवलेल्या पिशवीतली एक काकडी मी सहज तपासली. औषध मर्यादेच्या तिप्पट निघालं. पुन्हा तपासलं, तरी तेवढंच.

लगेच तुला फोन केला. तू म्हणालीस, "आमची छोटी तर वेलीवरचीच तोडून खाते गं. जेवायला बोलावलं तर पोट भरलंय म्हणते." मी काकडीचा विषय काढलाच नाही. तब्येतीची चौकशी करून फोन ठेवला.

म्हणून लिहायला बसले. पण पत्र पोहोचायला तीन दिवस लागतील आणि ती तर रोज खाते. तेव्हा हे टाकत नाही, आत्ताच पुन्हा फोन लावते. तू उचललास की आधी एवढंच विचारीन, छोटी आत्ता कुठे आहे?

जिला तू घरातली शहाणी म्हणतेस,
ती