थट्टेच्या नात्याचा इलाज

सेगू, सोमवार, बाजाराचा दिवस

प्रिय चवळीखाऊ झुमाना काका,

हे संबोधन वाचून तुमच्या सुनेने डोळे मोठे केले तर तिला सांगा, ही सेगूची मास्सितान जारा आहे, आणि आपल्या दोन कुळांच्या थट्टेच्या नात्यात त्राओरेंना चवळीखाऊ म्हणणं आणि त्यांच्यावर मालकी सांगणं हा जारांचा वाडवडिलांपासूनचा हक्क आहे. तुम्हीही आम्हाला तेच म्हणता, पण तो निव्वळ तुमचा उद्धटपणा. फोन केला असता, पण आपलं फोनवर काय होतं ते ठाऊक आहे. घरचे बरे? बरे. नातवंडं बरी? बरी. शेळ्या? त्याही बऱ्या. एवढ्यात लाइन तुटते आणि बोलायचं ते राहून जातं. म्हणून बसून लिहिते आहे. बाबा बाहेर अंगणात चटईवर आहेत. त्यांचं काही ठीक नाही, आणि त्यांना हातातून जाऊ द्यायचं नाही असं मी ठरवलंय, हे आधीच सांगून टाकते.

पण त्याआधी माझी थोडी फुशारकी ऐकून घ्या. तुम्ही मला नेहमी विचारायचात, "पोरी, तू डॉक्टर आहेस की नुसती गप्पा मारतेस? सुई नाही, पट्टी नाही, मग पगार कशाचा घेतेस?" त्याच गप्पांसाठी आता मला राजधानीत व्याख्यानाला बोलावतात. म्हाताऱ्यांच्या मनाला जो आजार लागतो, त्याच्यावर माझं काम चाललंय. सुरुवातीला आम्ही परदेशातून आलेली प्रश्नावली आपल्या भाषेत उतरवली आणि घरोघर फिरलो. तुम्ही उदास असता का? जगणं नकोसं वाटतं का? निकाल पाहून मी पोट धरून हसले, काका. आख्ख्या सेगूत एकही म्हातारा दुःखी नव्हता! सगळ्यांचं उत्तर एकच, "काही त्रास नाही." आपल्याकडे कुणी ख्यालीखुशाली विचारली, तर पाय मोडलेला माणूससुद्धा हेच म्हणतो. आणि नातवाच्या वयाच्या पोराने आजोबांना जगणं नकोसं वाटतं का असं विचारावं, आजोबांनी खरं सांगावं, हे घडणार तरी कसं? राजधानीतले आमचे साहेब म्हणाले, छान, म्हणजे आपल्याकडे हा आजारच नाही. मी म्हटलं, साहेब, आजार आहे, विचारणारा चुकतोय.

मग एके दिवशी मी स्वतः गेले, बालान्झानच्या झाडामागे राहणाऱ्या कांकू त्राओरे आजीकडे. आजी सुकून काटकी झालेली, पण तोंडात तेच, काही त्रास नाही. मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, "कांकू, तुझं चवळीचं मडकं कोपऱ्यात उपडं पडलंय. मरायचा विचार असेल तर आधी ते मालकिणीच्या, म्हणजे माझ्या, नावावर कर." आजी हसली. नुसती हसली नाही, म्हणाली, "घेऊन जा बाई. सकाळी डोळा उघडला की वाटतं, हे काय, पुन्हा उजाडलं!" मग तिचा बांध फुटला. मी जारा होते म्हणून तिला बोलता आलं. थट्टेच्या नात्यातला माणूस काहीही विचारू शकतो, त्याच्यावर रागवायची सोयच नाही आणि त्याच्यापुढे लाजही नाही. तेव्हापासून माझा नियम एकच आहे. जारांकडे त्राओरे पाठवायचा आणि त्राओरेंकडे जारा. आधी चवळीची थट्टा काढायची, मग प्रश्न विचारायचा आणि त्यानंतर रीतसर औषध द्यायचं. पुष्कळ म्हातारी माणसं आता उठून बाजारात जायला लागलीत. कांकू आजी तर मला रस्त्यात गाठून माझ्या जाडीवर बोलते. म्हातारपणी माणूस उदास असायचाच, असं जे म्हणतात ना, त्यांच्याशी मी भांडते आणि जिंकते.

आता बाबांचं सांगते. आई गेली त्याच्या चाळिसाव्या दिवशी तुम्ही तिचा निळा रुमाल डोक्याला गुंडाळून अंगणात आलात आणि थेट तिच्या आवाजात बाबांवर डाफरलात, "न्जी, ही बाही शिवलीस की चवळीचं पोतं?" रीतच आहे ती, गेलेल्याची नक्कल थट्टेच्या नात्याने नाही करायची तर कुणी करायची? बायका रडता रडता हसत होत्या, मीसुद्धा. आणि बाबा उभे राहून म्हणाले, "निघ माझ्या घरातून. पुन्हा पाऊल टाकू नकोस." जाराने त्राओरेवर खरोखर रागवावं, असं सेगूत कुणी पाहिलं नव्हतं. तुम्ही रुमाल काढलात, घडी करून माझ्या हातात दिलात आणि गेलात. पुढच्याच महिन्यात तुम्ही गुडघ्यांचं निमित्त सांगून मुलाकडे कुत्यालाला राहायला गेलात. त्या गुडघ्यांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता.

त्या दिवशी बाबांना झालं ते दुःख होतं, आजार नव्हता. आजार नंतर आला, हळूहळू, तुम्ही नसताना. शिवणयंत्रावर त्यांनी चादर टाकली ती अजून तशीच आहे. ईदचे अंगरखे शिवून घ्यायला लोक आले, त्यांना परत पाठवलं. दोन घास खातात आणि थाळी सरकवतात. अजानच्या कितीतरी आधी जागे होतात आणि भिंतीकडे बघत बसतात. शेजारी म्हणतात, वय झालं, चालायचंच. मी काही चालू देणार नाही. पण मी त्यांची मुलगी. सगळ्या गावाला विचारते तो प्रश्न मला त्यांना विचारता येत नाही, आणि विचारला तरी ते म्हणणार, काही त्रास नाही.

म्हणून पंधरवड्यापूर्वी मी माझे सोबती डॉक्टर लासिने त्राओरे यांना घरी आणलं. त्यांनी चवळी काढली, मालकी गाजवली, सगळं केलं. बाबांना हसू आलं नाही. मग लासिनेंनी तो प्रश्न विचारला. बाबांनी उत्तर दिलं, आणि मला सांगायची परवानगीही दिली. म्हणाले, "रोज झोपताना अल्लाला सांगतो, उद्या उठवू नकोस." काका, हे लिहिण्याआधी माझं रडूनही झालं. पण उत्तर मिळालं म्हणजे अर्धं काम झालं, हे मला माझ्या कामाने शिकवलंय. औषध सुरू केलंय. लासिने एक दिवसाआड येतात, आणि बाबा त्यांना येऊ देतात.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. परवा लासिने निघताना बाबा त्यांना म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही फार सभ्य शिव्या देता. त्राओरेंमध्ये शिवी देता येणारा एकच होता. त्याला मी हाकलला." कितीतरी महिन्यांत ते इतकं बोलले नव्हते. ते तुम्हाला बोलावणार नाहीत, काका. माफी मागितली तर राग खरा होता असं होईल, आणि थट्टेच्या नात्यात राग खरा नसतो, मग माफी मागायची कशी? तुम्हीही तिथे याच कोड्यात बसला असाल, मला खात्री आहे. दोन म्हातारे रीत पाळत बसलात आणि त्यात माझा बाप चाललाय. औषध मी देईन, ते माझं काम. शिवी तुम्हीच द्यायची. बसमध्ये बसा आणि या. माफ करायला येऊ नका, विचारपूस करायलाही नको, मालक म्हणून या आणि दारातूनच सुरू करा. ते ओरडतील, कदाचित पुन्हा निघ म्हणतील. ओरडू द्या. माझ्या बाबांना कुणावर तरी ओरडावंसं वाटलं, तर डॉक्टर म्हणून मी त्या रात्री सुखाने झोपेन. तुम्ही फक्त या वेळी दारातून हलू नका.

तुमचीच, आणि तुमच्या नाकावर टिच्चून तुमची मालकीण,
मास्सितान जारा