पलीकडच्या काठावरून

ता. ४ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. फोनवर तुला एका कानाने ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने तू ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

मी मजेत आहे. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर छापखान्याची भिंत. सोबत राहणारी मुलगी तीच, आमची खारूताई. उशीखालीसुद्धा खाऊ साठवते म्हणून हे नाव. ती कुरिअरवाल्यांकडे तक्रारी ऐकायचं काम करते. दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात, त्यामुळे घरी आली की ती कुजबुजतच बोलते.

माझं कवळ्यांचं काम जोरात आहे. परवा एका गृहस्थांनी नवी कवळी परत पाठवली. दात फारच छान झालेत, बायको बघून हसते, जरा वाकडे करून द्या म्हणाले. मग मी पुढचा एक दात घासून किंचित तिरका केला. आता ते खूश, बायकोही खूश.

आठवडाभर असं लोकांच्या तोंडात बघितल्यावर शनिवारी डोळ्यांना दुसरं काहीतरी लागतंच. आम्ही चौघं सुटतो. खारूताई, मी, लिफ्ट दुरुस्त करणारा लांब्या आणि आजोबा. आजोबा माझ्याच वयाचा आहे, पण सहलीला निघताना बँडेज, कापूस आणि पोटदुखीच्या गोळ्या घेऊन येतो. लांब्या आठवडाभर लिफ्टच्या बोगद्यात एकटा असतो, म्हणून शनिवारी त्याच्या तोंडाला विश्रांती नसते. मागच्या वेळी आम्ही भलत्याच टेकडीवर चढलो. चूक कळली तेव्हा डबे उघडून झाले होते, मग तीच खरी टेकडी असं ठरवून टाकलं.

येत्या शनिवारी मोठ्या तळ्यावर जातोय. जुन्या वीटभट्टीच्या पुढचं, लाकडी धक्का आहे ते. हे आईला सांगू नकोस, हात जोडते. तिला वाटतं शनिवारी मला जादा काम असतं. पाणी म्हटलं की ती कशी पांढरीफटक पडते ते तुला माहीत आहे. शाळेत पोहण्याचा तास सुरू झाला की दर वर्षी माझ्या कातडीच्या आजाराचा दाखला जायचा. माझ्या कातडीला काय धाड भरली होती! सव्वीस वर्षांची झाले तरी मला पाण्यावर तरंगता येत नाही. मी फक्त धक्क्यावर पाय सोडून बसणार आहे.

रोपांना आणि तुला माझा नमस्कार. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी
भिंगरी

ता. ८ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. पत्र रोपवाटिकेतच वाचलं आणि उत्तरही इथेच लिहितेय. कागदावर डाग दिसतील ते खताचे आहेत, अश्रूंचे समजू नकोस.

त्या वाकड्या दाताच्या गृहस्थांची गंमत मी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. तुझा तो आजोबा मात्र मला पसंत आहे. त्याच्या जवळपास राहत जा.

तुझ्या आईचं काही कळेनासं झालंय. ताई सकाळी कधी म्हणून घरी सापडत नाही. विचारलं तर गुडघ्यांच्या व्यायामाला जाते म्हणते. शिवणाचं दुकानही उशिरा उघडते. दोनदा तिचे केस ओले दिसले. या वयात कोणी भेटलं की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. हसू नकोस.

आता तुझ्या तळ्याबद्दल. धक्क्यावर बस, पण पाय फार खाली सोडू नकोस. आणि मला खोटं बोलायला लावतेस हे बरं नाही. ताईने माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं तरी मला सगळं ओकावं लागतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. मग मला कशाला सांगतेस?

सुखरूप परतल्याचं लगेच कळव. लोभ आहेच, तो मागायची तुला गरज नाही.
तुझी
मावशी

ता. १३ मे

ती. मावशीस,
सा. न. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

तू आईला सांगितलंस. नाही म्हणू नकोस. नाहीतर ती तिथे आलीच कशी?

नीट सांगते. शनिवारी आम्ही धक्क्यावर पोचलो. ऊन छान होतं. पलीकडच्या काठाजवळ काही बायका पोहत होत्या, रंगीत टोप्या तेवढ्या दिसत होत्या. लांब्याने बूट काढून माझ्या हातात दिले आणि आपण त्या बायकांपर्यंत जाऊन येतो म्हणाला. आजोबा त्याला म्हणत होता की नुकतंच पोटभर खाल्लंयस, जरा थांब. लांब्याने ऐकलं नाही. बराच लांब गेला आणि एकदम हात वर करून ओरडायला लागला. आम्हाला वाटलं, नेहमीची थट्टा. खारूताई तर टाळ्या वाजवत होती. मग त्याचं डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा गेलं, आणि ओरडणं थांबलं.

मावशी, मी हलले नाही. आजोबा काठावर दोर शोधत धावत होता, खारूताई, जी कधी मोठ्याने बोलत नाही, ती घसा फोडून मदतीला हाका मारत होती. मी मात्र धक्क्याच्या टोकाला खिळून उभी. तोंडातून आवाजसुद्धा निघेना.

तेवढ्यात पलीकडून नारिंगी टोपीवाली एक बाई त्याच्याकडे सपासप येताना दिसली. लांब पोहणारे आधाराला घेतात तसला, कमरेला दोरीने बांधलेला फुगा मागून तरंगत होता. तिने तो फुगा त्याच्याकडे ढकलला, पण लांब्याने फुगा सोडून तिच्याच गळ्याला मिठी मारली. दोघंही दिसेनासे झाले. पाणी पुन्हा सपाट झालं. ते सपाट पाणी मला अजून दिसतं. मग ती त्याच्या पाठीमागून वर आली, त्याची हनुवटी धरली आणि उताणं पोहत त्याला ओढत आणलं. आजोबाने त्याला वर खेचलं. ती बाई शिडीने वर आली, त्याला कुशीवर वळवलं, त्याच्या तोंडातून पाणी निघालं, तो खोकला. मग तिने चष्मा आणि टोपी काढली.

आई होती.

मावशी, आपली आई! पाण्याची बादली काठोकाठ भरली तर दचकणारी! पोहायच्या पोशाखात, दंडावर लांब्याच्या नखांचे ओरखडे. ती माझ्याकडे बघून फक्त एवढंच म्हणाली की हातातले बूट खाली ठेव. बूट अजून माझ्या हातात आहेत हे मला माहीतच नव्हतं. मग ती मटकन खाली बसली. तिच्या मैत्रिणी आल्या, त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं आणि गाडीतून घेऊन गेल्या. मी तिला हाकसुद्धा मारली नाही.

लांब्या दवाखान्यात आहे. छातीत पाणी गेलंय, पण धोका टळला असं डॉक्टर म्हणाले. आई फोन घेत नाही. ही बाई कोण आहे, मावशी? तुला हे सगळं माहीत होतं का?
उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
भिंगरी

ता. १७ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. हो, मी सांगितलं. ताई दुकानातून उठून आली, माझ्यासमोर बसली आणि मुलगी शनिवारी कुठे जाते म्हणून विचारलं. मी तळ्याचं नाव घेतलं, धक्का कुठल्या बाजूला तेही सांगितलं. मला वाटलं, जाईल आणि तुला कान धरून परत आणेल. पण ती पोहते हे मला कुठे माहीत होतं! तुझं पत्र वाचून मी कुंड्यांच्या मध्येच खाली बसले. माझी ताई आणि पाण्यात? तीन वेळा वाचलं तरी खरं वाटेना.

तशीच उठून तिच्याकडे गेले. ती शर्टाला काज करत बसली होती. गळ्यावर काळानिळा वळ. मी रडले, ती नाही रडली. तुला ते जुनं सगळं सांगू का म्हणून मी विचारलं, तर म्हणाली की आधी तू सांग, उरलेलं मी लिहीन.

तर ऐक. आम्ही दोघी बहिणीच, असं तुला वाटतं. आमच्या मधला एक भाऊ होता. तो पाण्यात गेला तेव्हा मी पाळण्यात होते, मला तो आठवतही नाही. ताई त्याच्याबरोबर होती. घरातल्या मोठ्यांनी त्याचे फोटो काढून टाकले आणि त्याचं नाव घेणं बंद केलं. मलाही तो होता हे लग्न झाल्यावर कळलं, तेही एका दूरच्या आत्याच्या तोंडून निसटलं म्हणून. ताईला विचारलं तर ती उठून गेली होती. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

एवढंच मला ठाऊक. तुझी माझ्यावर चिडायची इच्छा असेल तर चीड, पण जेवून चीड.
तुझी
मावशी

ता. १९ मे

चि. बाळास,
अ. उ. आ. तुझा मित्र घरी आला असं मावशीकडून कळलं. त्याला सांग, माझ्या गळ्याची काळजी करू नये. बुडणारा माणूस मिठी मारतोच, त्यातून सुटायचं कसं ते आम्हाला शिकवलेलंच असतं.

मी नऊ वर्षांची होते, तो सहाचा. घरी कोणाला न सांगता आम्ही नदीवर गेलो. त्याने चपला काढून माझ्याकडे दिल्या आणि पाण्यात उतरला. मग तो दिसेना. मी ओरडले नाही. लोक आले तेव्हा मी त्याच्या चपला छातीशी धरून उभी होते. कोणी मला मारलं नाही, कोणी काही विचारलंही नाही. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. तुला बूट खाली ठेवायला का सांगितलं, ते आता तुला कळलं असेल.

तू झालीस तेव्हा ठरवलं, हिला पाण्याजवळ जाऊच द्यायचं नाही. ते जमलं तू इथे होतीस तोवर. शहरात गेलीस आणि पहिल्याच वर्षी एक फोटो पाठवलास. टेकडीवरचा म्हणालीस. मागे, तुझ्या खांद्यावरून, नदी दिसत होती. तुला ओरडून उपयोग नव्हता, तू सांगणं बंद केलं असतंस. रात्रंदिवस डोक्यात तेच. शेवटी एका सकाळी पोहण्याच्या तलावावर जाऊन नाव घातलं.

शिकवणारी मुलगी तुझ्याहून लहान. पहिले कित्येक दिवस मी नुसती पायरीवर बसून यायची, पाणी घोट्याला लागलं की उलटी व्हायची. तिने कधी घाई केली नाही. पोशाख मीच शिवला, दुकानातला एकही अंगाला बसेना. तोंड पाण्यात घातलं त्या दिवशी मी भोकाड पसरलं आणि सगळ्या बायका हातातलं टाकून माझ्याकडे धावल्या. त्याच आता माझ्या मैत्रिणी. सुट्टीच्या दिवशी आम्ही तळ्यांवर जातो. त्या शनिवारी कुठे जायचं, ते मी सुचवलं. तुला दिसायचं नाही, पलीकडेच राहायचं, असं ठरवलं होतं. तुझ्यावर पाळत ठेवली म्हणून राग आला असेल तर तो योग्यच आहे.

माझं कौतुक करू नकोस. त्या मुलाची हनुवटी धरली तेव्हा माझ्या डोक्यात तो मुलगा नव्हताच. आणि धक्क्यावर तू उभी होतीस, तुझा चेहरा बघून मला धडकी भरली. एकच सांगायचं आहे. तू हलली नाहीस म्हणून स्वतःला खात बसू नकोस. मी ते पुष्कळ वर्षं करून पाहिलंय. त्यातून काही निघत नाही.

फोन घेत नाही, कारण हे तोंडाने सांगता आलं नसतं.
तुझी
आई

ता. २४ मे

ती. आईस,
सा. न. वि. वि. पत्र जिन्यातच उघडलं आणि तिथेच बसून राहिले. वरच्या मजल्यावरचे लोक मला ओलांडून गेले.

मी अजून हादरलेलीच आहे. कामावर एका कवळीला वरच्या दातांच्या जागी खालचे बसवले. लांब्याला सगळं सांगितलं. तो, आई, पहिल्यांदाच काही बोलला नाही. मग म्हणाला की तुझ्या आईला भेटायला यायचंय, पण काय म्हणायचं ते सुचत नाही. मी त्याला म्हटलं, काही म्हणू नकोस, नुसता ये. खारूताई आणि आजोबाही येणार आहेत. येत्या शनिवारी दुकान लवकर बंद कर.

राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्या दाखल्यांचाही आला. वर्गातल्या मुली माझ्या शेजारी बसायच्या नाहीत, खरूज आहे म्हणून. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं. पण मग तू पायरीवर पाय टाकून बसलेली मला दिसतेस आणि राग कुठे ठेवू ते कळत नाही. सध्या तो तसाच राहू दे. आपण भेटू तेव्हा बघू.

इथल्या तलावावर मी नाव घातलंय. अजून उतरले नाही.

आई, सव्विसाव्या वर्षी मला कळलं की मला मामा होता. त्याचं नाव तुम्ही दोघींनीही पत्रात लिहिलं नाहीत. तो कसा गेला ते तू सांगितलंस. आता तो कसा होता ते सांग. भांडायचा का, काय खायचा, त्याला कशाचं हसू यायचं, तुला काय म्हणून हाक मारायचा. जेवढं आठवेल तेवढं. आम्ही चौघं आणि मावशी, सगळे बसून ऐकू.

तुझ्या गळ्यावरचा वळ उतरला का ते कळव. शनिवारी येतेच आहे.
तुझं
बाळ